उबेसाठी कोंबलेले कापड आणि पहाटे दोनचा प्रवास

वाचकाचे पत्र

राजारामपुरीत आमचे स्वतःचे घर आहे. नाताळच्या सुट्टीत मी, माझे यजमान, बारा वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा असे चौघे गगनबावडामार्गे चार दिवसांसाठी तारकर्लीला जाणार आहोत. यजमानांचे दुकान रात्री दहाला बंद होते. "दोन तास पडतो आणि पहाटे दोनला निघू, रस्ता मोकळा मिळतो, सूर्योदय समुद्रावर बघू," असा त्यांचा बेत आहे. रात्रीच्या घाटाची मला फार भीती वाटते; त्या विचाराने झोप लागत नाही. शिवाय ३१ डिसेंबरला माझा सतरा वर्षांचा पुतण्या माझी स्कूटर घेऊन मित्रांबरोबर पन्हाळ्याला जायचे म्हणतो. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि त्या घरी एकट्या राहतील. थंडीमुळे त्या न्हाणीघराच्या खिडकीत कापड कोंबतात, तिथे गॅस गीझर आहे, आणि रात्री शेगडी खोलीत घेतात. मी काही बोलले की "काय हुत न्हाई, तू लई काळजी करतीस," असे उत्तर मिळते. मी खरोखरच अकारण घाबरते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची काळजी अकारण नाही, परंतु तिचा क्रम मला बदलावासा वाटतो. पत्रात घाटाने तुमची झोप उडवली आहे आणि न्हाणीघरातील कापडाला शेवटी जाता जाता एक वाक्य मिळाले आहे. मला मात्र तुमच्या घरातील सर्वांत मोठा धोका त्या वाक्यातच दिसतो. घाटातून तुम्ही सुट्टीत दोनदा जाल आणि दोन्ही वेळा सावध असाल. गीझर रोज पेटतो, आणि तो पेटताना घरात कोणीच सावध नसते. म्हणून आधी घराचे बोलू आणि मग रस्त्याचे.

गॅस गीझरच्या ज्योतीला जळण्यासाठी हवेतील ऑक्सिजन लागतो. न्हाणीघर लहान असेल, दार बंद असेल आणि खिडकीच्या पट्ट्यांत कापड असेल, तर काही मिनिटांतच तेथील ऑक्सिजन कमी होऊ लागतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना किंवा घशाला झोंबतही नाही. सिलिंडरचा गॅस गळला की जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस जळून गेल्यावर तो उरत नाही. त्यामुळे "वास तर येत नाही ना, मग गळती नाही" हे घरोघरी ऐकू येणारे समाधान येथे उपयोगाचे नाही. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके जड होते, चक्कर येते, मळमळते, पाय लटके पडतात. त्यानंतर कडी काढण्याचेही भान राहत नाही. कित्येकदा माणूस न्हाणीघरात कोसळलेला सापडतो आणि घरचे फिट आली किंवा हृदयविकाराचा झटका आला असे समजतात.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. करोनाच्या काळात आणलेला ऑक्सिमीटर बहुतेक घरांच्या कपाटात आजही आहे. अशा प्रसंगी तो बोटाला लावला तर आकडा ९८ किंवा ९९ दिसू शकतो, कारण साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त यांतील फरक ओळखता येत नाही. आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नये. दार उघडून किंवा तोडून हवा आत येऊ द्यावी, गीझरचा गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे, १०८ वर फोन करावा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात "गॅस गीझर चालू होता" असे सांगावे, म्हणजे त्यांचा तपास योग्य दिशेने सुरू होईल. सोडवायला जाणाऱ्यानेही आत रेंगाळू नये.

यावरचा खरा उपाय म्हणजे गीझर न्हाणीघरातून बाहेर काढून गॅलरीच्या किंवा परड्याच्या मोकळ्या भिंतीवर बसवणे आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणणे. प्लंबरला हे साधारण अर्ध्या दिवसाचे काम आहे. जुन्या घरांतला तांब्याचा बंब परड्यात किंवा अंगणात पेटत असे, यामागे धुराची कटकट टाळण्याचा हेतू असेल, पण त्यातच माणसांची सुरक्षितताही सांभाळली जात होती. गीझर हलेपर्यंत घरात एक नियम सक्तीचा करावा: दार आणि खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, काही वेळ हवा खेळू द्यायची आणि मगच आंघोळीला जायचे. शॉवरखाली उभे राहून गीझर चालू ठेवायचा नाही. गीझर आतच असताना पंख्याचाही फार भरवसा धरू नये, कारण सगळे बंद असलेल्या खोलीत हवा ओढणारा पंखा कधीकधी धुराड्यातून बाहेर जाणारा वायूच परत आत खेचतो. सासूबाईंनी आतून कडी लावू नये. दार नुसते लोटून घ्यावे. आणि प्रवासाला निघण्याच्या दिवशी अधिक जपावे, कारण त्या दिवशी घाईत चौघांच्या आंघोळी एकापाठोपाठ एक होतात, गीझर बराच वेळ सलग चालतो आणि शेवटी जो आत जातो त्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते. बहुतेक घरांत शेवटची आंघोळ गृहिणीचीच असते, हे तुम्हाला सांगायला नको.

शेगडीचेही तेच आहे. धूर निघून गेला आणि निखारे लालबुंद झाले की शेगडी आत घ्यायला हरकत नाही, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात धूर न दिसणाऱ्या धगधगत्या निखाऱ्यांतूनच हा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, आणि झोपलेल्या माणसाला डोकेदुखीची सूचनाही मिळत नाही. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत रात्री शेगडी नको म्हणजे नको. येथे मधला मार्ग नाही. अंगणात बसून शेकावे आणि झोपायला जाताना ती बाहेरच विझवावी. कोल्हापूरची थंडी वाकळ, लोकरीचे मोजे आणि कानटोपी यांनी भागण्याजोगी आहे. रबरी पिशवीत गरम पाणी घ्यायचे असेल तर तिला टॉवेल गुंडाळून अंथरूण ऊबदार करावे आणि डोळा लागण्याआधी ती बाजूला काढावी, कारण वृद्धांची त्वचा पातळ असते आणि पायांना भाजल्याचे त्यांना उशिरा कळते. विजेचा हीटर आणलाच तर तो पडद्यापासून आणि पांघरुणापासून हातभर लांब असावा आणि १६ अँपिअरच्या स्वतंत्र प्लगवर लावावा. टीव्ही व मोबाइलच्या एक्स्टेंशन बोर्डावर २,००० वॉटचा हीटर लावला की तार भिंतीआड तापत राहते. पाणी तापवण्याची रॉड वापरत असाल तर बटण बंद करून प्लग काढल्यावरच पाण्याला हात लावावा.

सासूबाईंच्या प्रकृतीबद्दल थोडेच सांगतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून या दिवसांत गोळी चुकवू नये, पहाटेच्या काकड आरतीचा किंवा रंकाळ्याच्या फेरीचा नेम असेल तर तो ऊन आल्यावरच्या वेळेवर न्यावा, आणि निघण्यापूर्वी एकदा रक्तदाब मोजून घ्यावा. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले, तर "झोपून उठल्यावर बरे वाटेल" असे म्हणून थांबू नये. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते.

त्या एकट्या राहणार याची सोय मात्र तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. चार दिवस शेजाऱ्यांनी सकाळी एक हाक मारली तर ती पुरेशी नाही. रात्री घरात दुसरे माणूस असावे. नात्यातील एखादी मुलगी, नणंद किंवा कामवाल्या मावशी सोबतीला येऊ शकतील का ते पाहावे. घराची एक किल्ली शेजारी द्यावी आणि "आतून अडसर घालू नका, फक्त लॅच लावा" असे सासूबाईंना सांगावे. त्या आत पडल्या तर दार उघडता आले पाहिजे. सुट्टीच्या दिवसांत वृद्धांना फसवणारे दोन प्रकार नेहमी दिसतात. एक, पितळ-चांदी चकचकीत करून देतो म्हणून येणारे, जे पुढे सोन्याच्या पाटल्यांवर येतात. दुसरा, रस्त्यात अडवून "आम्ही पोलीस आहोत, पुढे लूटमार झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा" असे सांगणारे. कोणताही पोलीस कोणत्याही बाईला रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही, हे त्यांच्या मनावर ठसवावे. फोनवरून "तुमचे वीजबिल थकले आहे", "तुमच्यावर गुन्हा आहे, व्हिडिओ बंद करू नका" असे कोणी सांगितले तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. तारकर्लीचे फोटो स्टेटसवर टाकायचे ते परत आल्यावर टाकावेत. वरचा मजला बंद राहणार असेल तर दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत, यापेक्षा त्यात फार काही सांगण्यासारखे नाही.

आणखी एक विचारतो, रागावू नका. सासूबाई "घरीच राहणार" हे त्यांनी ठरवले आहे की गृहीत धरले गेले आहे? चौऱ्याहत्तराव्या वर्षी समुद्र पाहायला कोणी नको म्हणेलच असे नाही, आणि तुमच्या गाडीत पाचवी जागा आहे. त्या आल्या तर वरच्या परिच्छेदातील बहुतेक व्यवस्था करावीच लागणार नाही.

आता प्रवास. तुमच्या यजमानांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. रात्री रस्ता मोकळा असतो हे खरे आहे. पण मोकळा रस्ता आणि सुरक्षित रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळपासून दुकानात उभा असलेला माणूस दोन तास आडवा होऊन पहाटे दोनला गाडी चालवू लागतो, तेव्हा त्याचे डोळे उघडे असले तरी मेंदू मागे पडलेला असतो. सलग सतरा-अठरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया, १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. दोन तासांच्या झोपेने त्यातले थोडेच भरून निघते, आणि पहाटे दोन ते सहा हाच शरीराला झोपेची सर्वाधिक ओढ असण्याचा काळ आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी चालकाविना ५० मीटर पुढे जाते. चहा, खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे यांनी ही डुलकी थांबत नाही, फक्त थोडा वेळ लांबते.

त्यात हा हंगाम उसाचा. फुलेवाडीतून बाहेर पडल्यापासून गगनबावड्यापर्यंतच्या सुमारे ५५ किलोमीटरच्या वाटेच्या आसपास कुडित्रे आणि असळज या दोन्ही ठिकाणी साखर कारखाने आहेत, आणि गळीत हंगाम चालू असल्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागचा दिवा अनेकदा लागत नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो किंवा खाली लोंबणाऱ्या वाड्याने, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याने, झाकलेला असतो, आणि उसाच्या मोळ्यांचा रंग अंधारात रस्त्याच्या कडेशी मिसळून जातो. हिशेब असा आहे: ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते, ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद गेला की २२ ते ३३ मीटर संपले, आणि त्यानंतर गाडी थांबायला आणखी तेवढे किंवा त्याहून जास्त अंतर लागते. खाली झुकवलेल्या दिव्यांत पुढचे सुमारे ४० ते ५० मीटर नीट दिसतात. म्हणजे ज्या वेगात रस्ता मोकळा वाटतो त्याच वेगात न दिसणारी ट्रॉली टाळता येत नाही. शेतकरी आणि वाहतूकदार रात्रीचा दिवस करून ऊस पोहोचवतात, त्यांना दोष देऊन आपला जीव वाचत नाही. आपण त्यांच्या रस्त्यावर अंधारात जाऊ नये, एवढेच आपल्या हाती आहे. बिघडलेल्या ट्रकभोवती मांडलेले दगड ट्रक गेल्यावरही रस्त्यातच राहतात, हाही याच वाटांवरचा नेहमीचा अनुभव.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की त्यांनी रात्री पूर्ण झोपावे आणि तुम्ही सकाळी सातला निघावे. डिसेंबरअखेर कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारासच उगवतो. साडेआठपर्यंत गगनबावडा येईल, तोवर दरीतले धुके विरळ होऊ लागलेले असेल, घाट उजेडात उतराल, तळेरे, कणकवली, कसाल असे करत बारापर्यंत मालवण गाठाल आणि जेवणाला मासे ताजे मिळतील. राहिला समुद्रावरचा सूर्योदय. तारकर्लीचा समुद्र पश्चिमेला आहे. तेथे सूर्य समुद्रात मावळतो. उगवतो तो मागच्या माडांतून. पहाटे दोनला निघण्याचे कारणच त्यामुळे उरत नाही, हे यजमानांना तुम्ही हसतहसत सांगू शकाल.

गगनबावड्याला रस्त्याचे दोन फाटे होतात, एक करूळ घाटाने तळेऱ्याला आणि दुसरा भुईबावडा घाटाने. दुरुस्तीसाठी किंवा दरड कोसळल्यामुळे करूळचा रस्ता कधीकधी बंद असतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी. भुईबावडा अरुंद आहे. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने जायचे ठरवले तर तो अभयारण्याचा रस्ता आहे, आणि संध्याकाळनंतर व पहाटे गवे रस्ता ओलांडतात. हजार किलोच्या घरात वजन असलेला काळा प्राणी काळ्या डांबरावर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. एक गवा दिसला तर मागे कळप आहे असे समजून गाडी लांब थांबवावी, हॉर्न वाजवू नये आणि फोटोसाठी खाली उतरू नये.

घाट उतरताना चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये गाडी ठेवावी. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय असणारे चालक मोठ्या उतारावर फक्त ब्रेकवर विसंबतात. ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. वास आलाच तर रुंद जागा पाहून थांबावे आणि ब्रेक थंड होऊ द्यावेत, त्यांवर पाणी ओतू नये. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. वळणावर माकडांना खायला देण्यासाठी किंवा दरीचा फोटो काढण्यासाठी गाडी उभी करू नये. धुके लागले तर दिवे खाली झुकवलेलेच ठेवावेत, कारण वरचे दिवे धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांत येतात. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, मागच्याला आपण वळतो आहोत की थांबलो आहोत हे कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू करून हवा काचेकडे वळवावी. टायरमधील हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, स्टेपनीसह तपासावी.

मुलाबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण सांगणे भाग आहे. साडेतीन वर्षांचा मुलगा पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर, हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य आहे. ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत एवढ्या मुलाला हातांनी धरून ठेवणे कोणाही प्रौढाला शक्य होत नाही, आणि फुगणारी एअरबॅग त्या मुलालाच इजा करते. त्याला मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या पट्टेवाल्या आसनात बसवावे; विकत घ्यायचे नसेल तर ओळखीपाळखीत कोणाकडे तरी मिळेल. मागे बसणाऱ्या प्रत्येकाने पट्टा लावावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा ते उत्तम बांधणीच्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

परतीच्या प्रवासात आपण सगळे ढिले पडतो. शेवटच्या दिवशी सकाळी पोहायचे, दुपारी भरपेट जेवायचे आणि संध्याकाळी पाचला निघून अंधारात घाट चढायचा, हा क्रम मोडावा. सहा वाजता सूर्य मावळतो. एक रात्र जास्त राहून सकाळी निघणे जमत नसेल तर दुपारी बाराआधी निघावे. समुद्रातही तोच हिशेब ठेवावा: कमरेच्या वर पाणी नको, बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालून आणि पट्टे लावून, आणि दिवे लागणीनंतर मुले पाण्यात नकोत.

रस्त्यात अपघात दिसला तर थांबायला घाबरू नये. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याच्यावर जखमीच्या दुखापतीची जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक मुलीलाही पाठ असू द्यावेत. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात, हेही ठाऊक असावे.

पुतण्याच्या बाबतीत मी मवाळ बोलणार नाही. सतरा वर्षांच्या मुलाला तुमच्या स्कूटरचा परवाना मिळूच शकत नाही. त्याने गाडी चालवली, अपघात झाला नाही तरी, कलम १९९-अ प्रमाणे पालक आणि गाडीचा मालक दोषी धरले जातात: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि बारा महिने नोंदणी रद्द, शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मालक तुम्ही आहात. पन्हाळ्याचा रस्ता २० किलोमीटरचाच आहे, पण ३१ डिसेंबरच्या रात्री त्या रस्त्यावर असणाऱ्या बऱ्याच जणांनी शेतावर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर आणखीही काही घेतलेले असते. "तासभर झोपलो, आता उतरली", "लिंबूपाणी प्यायलो" असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की यकृत मद्याचा निचरा त्याच्याच ठरलेल्या संथ गतीने करते; लिंबू, कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ ती गती वाढवत नाही. पुतण्या स्वतः काही घेणार नाही असे धरले, तरी समोरून येणाऱ्याचे काय? मुलांना गच्चीवर जमू द्या, चुलीवर रस्सा करू द्या, आवाज झाला तर होऊ द्या.

घरात हे बोलायचे कसे, हा तुमचा खरा प्रश्न आहे. "मला भीती वाटते" असे म्हटले की "काय हुत न्हाई" हे उत्तर ठरलेलेच आहे, कारण भीतीला दिलासा देणे सोपे असते. त्याऐवजी काम आणि वेळ सांगावी. "शनिवारी प्लंबर येणार आहे, गीझर गॅलरीत हलवायचा आहे, जागा तुम्ही दाखवा," असे म्हटले तर वाद जागेचा होईल, गीझर हलवावा की नाही याचा होणार नाही. प्रवासासाठी, आदल्या दिवशी दुकान संध्याकाळी सातला बंद करता येईल का, एवढेच विचारावे. तीन तासांची विक्री बुडेल, हे मान्य करूनच विचारावे. टायर, ब्रेक आणि घाटाची चौकशी ही कामे त्यांच्याकडे सोपवावीत. सासूबाईंच्या खिडकीतले कापड तुम्ही काढू नका, त्यांच्या मुलाला, म्हणजे तुमच्या यजमानांना, काढायला सांगा. सुनेने काढले तर ते दुसऱ्या दिवशी परत जाईल.

प्लंबरला आजच फोन करावा, नाताळच्या आठवड्यात तो मिळणार नाही. आणि पुतण्याची समजूत घालण्याचे काम त्याच्या आईवडिलांवर सोडावे. स्कूटरची किल्ली मात्र तारकर्लीला जाताना बरोबर न्यावी आणि परतल्यावरही १ जानेवारीपर्यंत खुंटीला अडकवू नये.